पदरातले सातू

बोरगाव मेघे हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. तिथल्या एका घरात, स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर, एक बाई गेली दोन वर्षे बायबलातल्या रूथची कादंबरी लिहिते आहे. सध्या तिचे पान एका शब्दावर अडले आहे. प्रसंग पहाटेचा. बेथलेहेमच्या खळ्यावर माणसाला माणूस ओळखू येत नाही, इतका अंधार. शेतमालक बवाज रूथला अंगावरचे वस्त्र धरायला सांगतो, त्यात सहा मापे सातू घालतो आणि ते तिच्या अंगावर चढवतो. मूळ कथेत एवढेच आहे. मराठीत लिहिताना मात्र विचारावे लागते, सातू कशात घातले? चादरीत, पदरात, की ओटीत?

‘ओटी’ हा शब्द पहिल्या खर्ड्यात आपसूक आला होता. आजूबाजूच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला फडके बांधून ओटीतच कापूस गोळा करतात. पण ओटी म्हटले की खण, नारळ, तांदूळ आणि हळदकुंकूही आले. रूथ विधवा आहे. आपल्याकडे विधवेची ओटी भरत नाहीत. त्या एका शब्दाने बेथलेहेमच्या खळ्यावर एक मराठी सण उभा राहतो आणि त्याच क्षणी एक मराठी जखमही उघडी पडते. ती जखम रूथची आहे का? तिने ओळ खोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिली.

रूथचे पुस्तक फार छोटे आहे. चार अध्याय, ८५ वचने. दुष्काळ पडतो म्हणून नामी नवरा आणि दोन मुलांसह बेथलेहेम सोडून मवाब देशात जाते. तिथे नवरा मरतो, मवाबी मुलींशी लग्ने केलेले दोन्ही मुलगेही मरतात. नामी परत निघते. सुनांपैकी अर्पा रडत माहेरी वळते, रूथ मात्र सासूबरोबर परक्या मुलखात येते आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचू लागते. हिब्रूत बेथलेहेम म्हणजे ‘भाकरीचे घर’. भाकरीच्या घरातच भाकर नसावी, इथून ही गोष्ट सुरू होते.

ही गोष्ट मराठीत आणणाऱ्यांमध्ये एक बाई अशी होती, जिला दुष्काळ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी आईवडिलांना उपासमारीत गमावले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडून निराधार मुलींना घेऊन आल्या. वर्धा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर काम हातावेगळे झाले होते. १९२४मध्ये ते पूर्ण बायबल छापून निघाले. छापखान्यात खिळे जुळवणारे हातही मिशनमधल्या बायकांचे होते. बोरगावच्या लेखिकेला हे चित्र सोडत नाही. रूथचा सरवा अक्षर अक्षर करून जुळवणाऱ्या त्या बायकांपैकी कितीजणी स्वतः अन्न शोधत घराबाहेर पडल्या असतील!

बायबलातल्या गोष्टी मराठीत नव्याने सांगणे हे ख्रिस्ती लेखकांपुरते राहिले नाही. १८८०मध्ये मुंबईच्या बेने इस्राएल या ज्यू समाजात कीर्तनाची मंडळी उभी राहिली आणि जुन्या करारातली आख्याने मराठी कीर्तनात रंगू लागली. त्याआधी, १६१६मध्ये, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले होते. त्यात एवा आणि मरिया ओवीच्या चालीने बोलतात. नारायण वामन टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. म्हणजे ही वाट मळलेली आहे. कादंबरी लिहिणारीला कीर्तनकारासारखे पूर्वरंगात अर्थ समजावता येत नाही, एवढाच फरक. तिला सगळे प्रसंगातच मांडावे लागते.

तिच्या टेबलावर दोन पुस्तके कायम असतात. एक अनिता डायमंट यांची १९९७ची ‘द रेड टेंट’. उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायात याकोबाच्या मुलीवर, दीनावर, एवढे बेतते आणि ती एक शब्द बोलत नाही. डायमंटनी सगळी कादंबरी तिच्याच तोंडून सांगितली. दुसरे इरावती कर्वे यांचे १९६७चे ‘युगान्त’. इरावतीबाई कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे संहितेचा काटेकोर अभ्यास करत पाहतात आणि कल्पना कुठे सुरू झाली ते लपवत नाहीत. एकीने मौनाला आवाज दिला, दुसरीने मौन नीट मोजले. लेखिकेला दोन्ही हवे आहे, आणि मोजणे आधी यायला हवे, असे तिला अनुभवाने वाटते.

तिने खरेच मोजले. पहिल्या दिवशी रूथने संध्याकाळपर्यंत वेचून काठीने झोडपलेले सातू सुमारे एक एफा भरले. एक एफा म्हणजे साधारण २२ लिटर, वजनात १३ किलोच्या आसपास. मग खळ्यावरची सहा मापे किती? हिब्रूत मापाचे नाव दिलेलेच नाही, नुसता सहा हा आकडा आहे. एफा धरला तर ८० किलोच्या घरात जाते, एकट्या बाईला उचलणार नाही. एफ्याचा दहावा भाग, ओमर, धरला तर जेमतेम ८ किलो, म्हणजे तिने एका दिवसात वेचले त्याहून कमी. एफ्याचा तिसरा भाग म्हणजे सिया, तो धरला तर २६ किलो. लेखिकेने घरातले २६ किलो गहू जुन्या चादरीत बांधले आणि मागच्या अंगणातून फाटकापर्यंत चालून पाहिले. चादरीची गाठ मानेत रुतली, पावले आपोआप आखूड पडली, बोलायला श्वास उरला नाही. त्या दिवशी तिने रूथच्या परतीच्या वाटेवरचे दीड पान स्वगत काढून टाकले. एवढे ओझे घेऊन चालणारी बाई लांब विचार करत नाही.

सरव्याचा शोधही तिने शिवारातच घेतला. सोयाबीन निघाले की गळलेल्या शेंगा वेचायला बाया येतात. गव्हाच्या वावरात कापणीनंतर सांडलेल्या ओंब्या कोणी म्हातारी टिपत असते. इथे ते शेतकऱ्याच्या मर्जीवर असते. लेवीयाच्या नियमशास्त्रात मात्र शेताचे कोपरे कापायचे नाहीत, सांडलेले उचलायचे नाही, ते गरिबाचे आणि परक्याचे, असा स्पष्ट हुकूम आहे. त्यामुळे तिची रूथ वावराच्या धुऱ्यावर उभी राहून विनवणी करते, पण खाली मान घालून करत नाही.

एक मोह मात्र फार मोठा होता. वर्धा जिल्ह्यात बसून, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या मागे राहिलेली बाई डोळ्यांसमोर असताना, रूथला तिचाच चेहरा देण्याचा. तसे एक प्रकरण लिहून झालेही होते. वाचणाऱ्या मैत्रिणींना ते आवडले. लेखिकेने ते बाजूला ठेवले, कारण त्यात रूथचे मवाबी असणे पुसले गेले होते. रूथ विधवा आहे तशीच परदेशी आहे, आणि मूळ कथा तिला पुन्हा पुन्हा ‘मवाबी’ म्हणते. शेजारणीचे दुःख सांगायचे तर तिच्या नावाने वेगळी गोष्ट लिहायला हवी. सातूच्या जागी ज्वारी आणि एफ्याच्या जागी पायली घालणेही तिने याच कारणाने टाळले. हुरडा तेवढा राहू दिला. बवाज दुपारच्या जेवणात रूथला भाजलेले दाणे देतो, आणि मराठी माणसाच्या तोंडी त्याला दुसरा शब्द येत नाही.

आता उरला खळ्यावरचा शब्द. तो शोधताना तिला कथेतली एक बारीक जागा सापडली. गावात पाऊल ठेवताना नामी म्हणाली होती की मी भरलेली गेले आणि देवाने मला रिकामी परत आणले. हिब्रूत तिथे ‘रेकाम’ आहे. मराठी ‘रिकामी’शी त्याचे साम्य हा निव्वळ योगायोग, पण अंगावर काटा आणणारा. हाच शब्द पुढे पुन्हा येतो. घरी पोचल्यावर रूथ सासूला सांगते की त्याने मला तुमच्याकडे रिकामे जाऊ नको म्हटले. खळ्यावरच्या प्रसंगात बवाज असे काही बोलल्याची नोंद नाही. तो बोलला असेल. किंवा सासूचा तो कडू शब्द एवढे दिवस मनात धरून रूथनेच आज त्याला उत्तर दिले असेल. यानंतर पुस्तकात रूथ एकदाही बोलत नाही. चौथ्या अध्यायात लग्न होते, मूल होते, शेजारणी नामीला मुलगा झाला म्हणतात आणि त्याचे नाव ओबेद ठेवतात. रूथ गप्पच.

लेखिकेने खळ्यावर ‘पदर’ लिहिले. ओटी तिने पुढच्या पानावर नेली. पहाट फुटली आहे. सासू दारात आहे. रूथ मानेवरची गाठ सोडते, खाली बसते, आणि सातू नामीच्या ओटीत घालू लागते. मापाने नाही, दोन्ही हातांच्या ओंजळीने. दाणे जमिनीवर सांडतात आणि म्हातारी ते एकेक टिपत राहते.