मान फिरवणारा पंखा

शिवाजीनगर म्हटले की मराठी माणसाला प्रथम पुणे आठवते. मी सांगतो आहे ते शिवाजीनगर मात्र बंगळुरूचे. सतराव्या शतकात बंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती. पुढे इंग्रजांच्या छावणीच्या काळात ब्लॅकपल्ली म्हणून ओळखली जाणारी वस्ती आज शिवरायांचे नाव धारण करून आहे. १९२७ साली बांधलेल्या रसेल मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत कन्नड, तमिळ, उर्दू आणि दख्खनी बोली एकाच वेळी कानांवर पडतात. दुकानांसमोर जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचे ढीग असतात. अशाच एका गल्लीत गेल्या उन्हाळ्यात मी एक जड पोते घेऊन शिरलो. पोत्यात आमचा सोलापूरचा पंखा होता.

हा पंखा आबांनी एका जुन्या कचेरीच्या लिलावात घेतला होता. ओतीव लोखंडाची बैठक, पितळेची चार पाती आणि मागे दंतचक्रांची छोटी पेटी. सोलापूरच्या उन्हाळ्यात रात्रीही भिंती तापलेल्या असत. एका खोलीत आजी, आबा, आई, मी आणि धाकटी बहीण असे पाच जण ओळीने झोपत असू. पंखा मान वळवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि परत येई. प्रत्येकाच्या वाट्याला क्षणभरच वारा येई. पण तो पुन्हा येणार याची खात्री असल्यामुळे कोणाची तक्रार नसे.

१९८४ साली एका रात्री मागच्या पेटीतून करकर आवाज आला आणि पंख्याची मान ताठली. वारा येत राहिला, परंतु एकाच दिशेने. माझी शालान्त परीक्षा जवळ आली होती. आबांनी पंखा माझ्याकडे वळवला. कोणी काही विचारले नाही. मीही विचारले नाही. परीक्षा मार्चमध्ये संपली. पंख्याचे तोंड मात्र पावसाळ्यापर्यंत माझ्याकडेच राहिले. मधल्या काळात मी ती पेटी उघडली, तुटलेले दंतचक्र काढले आणि उकिरड्यावर फेकून दिले.

विजेचे पंखे येण्यापूर्वी साहेबांच्या बंगल्यांत छताला कापडी पंखा टांगलेला असे. त्याची दोरी ओढत एक माणूस रात्रभर जागे, तेव्हा साहेबाला झोप लागे. हे मी पुढे वाचले, तेव्हा मला त्या उन्हाळ्यातील माझी बहीण आठवली. ती भिंतीकडे तोंड करून, पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घेत पडलेली असे. पुढच्या वर्षी तिची शाळा सुटली. त्याची कारणे अनेक होती. पंखा काही त्यांतले कारण नव्हे. तरीही घरातला वारा जिकडे वळला होता, तिकडेच शिक्षणही वळले, हे मला नाकारता येत नाही.

गल्लीतल्या वृद्ध कारागिराला सारे चाचा म्हणत. त्यांनी पेटी उघडली आणि विचारले, "चाक किधर है?"

"फेंक दिया," मी म्हणालो.

"टूटा सो भी रखना था साब. नाप उसी में रहता."

या पंख्याचे सुटे भाग आता कोठेही मिळत नाहीत. हवा तो भाग घडवूनच घ्यावा लागतो. चाचांनी पंख्याच्या दांड्यावरील आट्यांच्या मध्यापासून चाकाच्या खुंटीपर्यंतचे अंतर मोजले. त्यातून आट्यांची त्रिज्या वजा केली. उरली ती हरवलेल्या चाकाची त्रिज्या. तिच्यावरून परीघ काढला आणि दोन आट्यांमधील अंतराने त्याला भागले. उत्तर आले एक्केचाळीस दाते. चाचा शाळेत फारसे गेले नव्हते. हे गणित त्यांना लेथ मशीनने शिकवले होते.

आठ दिवसांनी पितळेचे चाक तयार झाले, बसवले आणि ते अडकले. चाचा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दांडा बोटांत धरून हलवला. तो किंचित डुलत होता. दांडा ज्या नळीत फिरतो ती नळी, म्हणजे बुश, झिजून सैल झाली होती. त्यामुळे मापही चुकले होते आणि पूर्वीचे चाकही त्यामुळेच तुटले असावे. दुखणे चाकाचे, असे मी इतकी वर्षे समजत होतो. मूळ दुखणे आतल्या बुशाचे होते.

चाचांनी कांशाचा नवा बुश कातला आणि पुन्हा मोजले. व्यास २० मिलिमीटर, परीघ जवळजवळ ६३ मिलिमीटर, आट्यांमधील अंतर १.५७ मिलिमीटर. भागाकार बरोबर चाळीस आला. दांड्याचे चाळीस फेरे झाले की चाकाचा एक फेरा. जुन्या वायरींवरील सुती वेष्टण भुगा झाले होते; त्यांनी त्या वायरी बदलल्या. अंग लोखंडी असल्याने तीन पिनांची वायर लावून भूजोडणीही दिली. पातींवरचे डाग मात्र त्यांनी तसेच ठेवले. ते म्हणाले, "उमर छुपाने का काम नहीं करता मैं."

त्याच महिन्यात बहीण सोलापूरहून माझ्याकडे राहायला आली. मुलेबाळे मार्गी लागल्यावर, पन्नाशी उलटल्यावर तिने मुक्त विद्यालयात दहावीसाठी नाव नोंदवले आहे. रात्री ती दिव्याखाली गणिताचे पुस्तक उघडून बसली होती. मी पंखा आणून ठेवला आणि सुरू केला. पितळी पाती फिरू लागली. त्याने हळूच मान वळवली.

"दादा, हा आपलाच का रे?" तिने विचारले.

मी मान हलवली. पंख्याच्या डोक्यावरील खुंटी वर ओढली की त्याची मान थांबते. मी ती ओढली आणि पंख्याचे तोंड तिच्याकडे केले. तिने क्षणभर वाऱ्यासमोर डोळे मिटून घेतले. मग उठून खुंटी पुन्हा खाली दाबली.

"फिरू दे रे," ती म्हणाली, "तुलाही उकडत असेल."

आणि ती पुन्हा गणितात गढून गेली. मी तिच्या शेजारी बसून राहिलो. वारा तिच्याकडून माझ्याकडे येत होता आणि पुन्हा तिच्याकडे जात होता.