मिरजेचा मेळ

आमच्या सांगलीत नवख्या माणसाची हमखास फसगत करणारी एक जागा आहे. तिचे नाव स्टेशन चौक. पाहुणा बिचारा पिशव्या सांभाळत तिथे उतरतो आणि रूळ शोधू लागतो. रूळ तिथे नाहीत. ते गेले त्याला अर्धे शतक उलटले. स्टेशन गेले, पण नाव काही जागा सोडायला तयार नाही.

मी मराठीचा प्राध्यापक, त्यामुळे नावांकडे माझे लक्ष जरा अधिकच. माझे आजोळ साताऱ्याचे. पूर्वी साताऱ्याला जायचे तर सातारा रोडला उतरायचे आणि पुढचे मैल टांग्याने किंवा मोटारीने काढायचे, असे आजोबा सांगत. ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' असतो तिथे गाव नसते, गावाकडे जाणारा रस्ता तेवढा असतो, हे ज्ञान मला तेव्हाच झाले. किर्लोस्करवाडीचे स्टेशनही मूळचे कुंडल रोड. १९१० साली शेजारी कारखाना आला आणि रोडची वाडी झाली.

सांगलीचे मात्र उलट. पुण्याहून मिरजेला जाणारी मीटरगेज गाडी आमच्या शहराला बगल देऊन जाई. म्हणून १९०७ साली मिरजेपासून जेमतेम पाच-सहा मैलांचा फाटा निघाला, सांगली संस्थानची रेल्वे म्हणून. स्टेशन आले ते थेट गावात. तिथे रूळ संपत आणि बाजार सुरू होई.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर या स्टेशनावर काही लिहावे असे मनात आले आणि मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाठले. दादांनी ऐंशी ओलांडली आहे. तरुणपणी सहा वर्षे ते याच गाडीने रोज मिरजेला नोकरीसाठी जात. चष्मा कुठे ठेवला हे त्यांना आठवत नाही; पण मिरजेला कोणत्या गाडीचा मेळ कोणत्या गाडीशी, हे विचारावे!

'मेळ' हा त्यांचा शब्द. एका गाडीतून उतरून दुसरी मिळाली की मेळ जमला. पहिली रेंगाळली की मेळ चुकला आणि फलाटावर मुक्काम पडला. मिरज म्हणजे मेळांचे माहेरघर. एक वाट पुण्याला, दुसरी बेळगाव-लोंढ्याला, तिसरी १८९१ पासून कोल्हापूरला, आणि १९२७ पासून बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी पंढरपूर-कुर्डुवाडीला. मुंबईला जाणाऱ्याला पुण्यात पुन्हा उतरावे लागे, कारण तिथून पुढे रूळ रुंद. सांगलीच्या हळदीलाही हाच प्रवास चुकत नसे.

"आणि दुपारी जेवण?" मी लिहिता लिहिता सहज विचारले.

दादा थबकले. "अक्काकडे," म्हणाले आणि उठून आत गेले.

अक्का म्हणजे माझी आत्या. ती मिरजेत दिलेली. सहा वर्षे तिने धाकट्या भावाला दुपारी गरम भाकरी वाढली. पुढे आजोबा गेले, जुन्या घराची वाटणी निघाली, एका कागदावर सही मागितली गेली. एक शब्द इकडून गेला, एक तिकडून आला. त्याला एकोणीस वर्षे झाली. सांगली-मिरज अंतर होते तेवढेच राहिले. मेळ तेवढा तुटला.

मी वही मिटली नाही. दादा परत आल्यावर पुढचे विचारले. १९७१ साली पुण्याकडून रुंद रूळ आले, मुख्य मार्गच वळवून सांगलीवरून नेला, गावाबाहेर नवे स्टेशन झाले आणि गावातले जुने स्टेशन संपले. "मुंबई जवळ आली," दादा म्हणाले. मिरजेचे नाव त्यांनी घेतले नाही.

मग मीच घेतले. पंढरपूरची अरुंद वाटही २०१० मध्ये रुंद झाली होती. त्याच वाटेने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला गेली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. "दादा, मिरजेचे पाणी तीनशेवर किलोमीटर जाऊन लातूरची तहान भागवते. आपल्याला पाव तास जड व्हावा?"

"तुझे प्राध्यापकी दाखले वर्गात दे," ते फटकन म्हणाले. मी गप्प बसलो. सौ.ने मला डोळ्यांनीच दटावले.

भाऊबीजेच्या सकाळी पाहतो तर दादा अंघोळ आटोपून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसलेले. हातात घड्याळ. "पॅसेंजर कितीची?" एवढेच विचारले.

गाडीत ते खिडकीशी बसले. विश्रामबाग गेले तरी बोलले नाहीत. मिरजेला उतरल्यावर मात्र मला विचारल्याशिवाय चालू लागले. पाय अडखळत होते, पण रस्ता नाही.

आत्या दारातल्या खुर्चीत बसली होती. आता तिला कमी दिसते. कोण आले हे तिने पावलांवरून ओळखले असावे.

"बाळ, केवढा उशीर रे! गाडी चुकली का?"

दादा उंबऱ्यावर थांबले. "मेळ चुकला, अक्का," ते म्हणाले.

"बरं, आत ये. भाकरी निवते आहे."

त्या दिवशी परतीची गाडी आम्ही दोनदा चुकवली.