कुठपर्यंत चालतंय?

ज्या घरातला माणूस फौंड्रीत मोल्डिंगला आहे, त्या घरातलं धुणं इतर घरांसारखं नसतं. साच्याची वाळू ही नदीकाठची साधी वाळू नव्हे. सिलिका वाळूत बेंटोनाइट माती, दगडी कोळशाची भुकटी आणि पाणी घालून ती तयार करतात. बेंटोनाइटमुळे वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात, आणि कोळशाच्या भुकटीमुळे ओतीव कामाचा पृष्ठभाग साफ निघतो. शिफ्ट सुटली की हेच मिश्रण पँटच्या दुमडीतून, खिशांच्या तळातून आणि मोज्यांच्या विणीतून घरी येतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीच्या आसपास, पुलाच्या शिरोलीत काय किंवा नागावात काय, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आमचं त्यातलंच एक.

घरातल्या मशीनचं पोट कसं असतं, हे मला कधी कुणी दाखवलं नव्हतं. नवरा दिवसभर यंत्रांत असतो. पण शिफ्ट उतरून आल्यावर पुन्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा, एवढा जीव त्याच्यात उरत नाही. मशीन वापरते मी, गॅसपाशी उभी असते मी. तरी काही बिघडलं की माझ्याजवळ सांगायला एकच वाक्य असायचं, ‘चालत नाही.’ फोनवर मेकॅनिक विचारायचा, ‘मोटर आवाज करते का? पाणी सुटतं का?’ आणि मी गोंधळून जायचे. कोणती मोटर? कुठून सुटणारं पाणी? तो सांगेल तो खर्च रास्त की जास्त, हे ठरवायलाही माझ्याकडे काही आधार नव्हता.

मग एकदा दोन दुखणी एकदमच निघाली. आमच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या धुण्याच्या टबात पाणी ठरेना. वरून भरावं तसं ते खालून मोरीत जायचं. शेजारच्या सुकवायच्या टबातून नुसता घूं आवाज यायचा आणि ड्रम जागचा हलायचा नाही. शेजारी एक मामा राहतात. आयुष्यभर मेंटेनन्स फिटर होते, आता घरीच असतात. मी त्यांच्याकडे गेले आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, “मामा, मशीन चालत नाही.”

ते म्हणाले, “आगं पोरी, चालत न्हाई म्हंजे काय? कुठपर्यंत चालतंय ते सांग आधी.”

या प्रश्नाने माझं बघणंच बदललं. कुठे थांबलंय हे शोधायचं, तर आधी कुठपर्यंत नीट आलंय ते बघावं लागतं. पाण्याची वाट नळापासून मोरीपर्यंत, विजेची वाट प्लगपासून मोटरपर्यंत आणि गॅसची वाट सिलिंडरपासून ज्योतीपर्यंत पायरी पायरीने चालत जायची. जिथे वाट अडते, तिथेच बिघाड असतो.

मामांनी पहिल्यांदा प्लग काढायला लावला, नुसतं बटण बंद करून भागत नाही म्हणाले. मग टबातलं पाणी काढलं, मशीन भिंतीपासून ओढलं आणि मागच्या झाकणाचे स्क्रू माझ्याकडूनच सोडवून घेतले. आत बघितल्यावर माझा गोंधळ आणखी वाढला. तिथे दोन मोटरी होत्या! इतकी वर्षं मी एकच मोटर धरून चालले होते. मामांनी समजावलं तेव्हा उलगडलं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एका खोक्यात बसवलेली दोन यंत्रं. धुण्याची मोटर वेगळी, तिचा टायमर वेगळा. सुकवणाऱ्या ड्रमची मोटर आणि टायमर वेगळे. म्हणजे पाणी न ठरणं आणि ड्रम न फिरणं, या दोन दुखण्यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता.

पाण्यापासून सुरुवात केली. टबाच्या तळाशी ड्रेन व्हॉल्व्ह असतो. घड्या घड्यांची रबरी टोपी आणि आत एक स्प्रिंग. वरचं बटण ‘ड्रेन’वर फिरवलं की एक पट्टी त्या टोपीला वर खेचते आणि पाणी सुटतं. बटण ‘वॉश’वर आणलं की पट्टी सैल होते, स्प्रिंग टोपीला खाली दाबते आणि तोंड बंद होतं. मी बटण फिरवत राहिले आणि मामा पट्टीकडे बघत राहिले. पट्टी बरोबर हलत होती. म्हणजे इथपर्यंत चालतंय. मग व्हॉल्व्हचं झाकण फिरवून टोपी बाहेर काढली. तिच्या कडेवरून बोट फिरवलं तर रवाळ लागलं. काळ्या वाळूची एक बारीक कड रबरावर बसली होती आणि कपड्यांच्या धाग्यांनी ती तिथे घट्ट धरून ठेवली होती. फौंड्रीतली वाळू खिशातून टबात आली होती, टबातून व्हॉल्व्हपर्यंत, आणि त्या कणांमुळे रबर पुरतं टेकत नव्हतं. रबराला चीर नव्हती. जुन्या टूथब्रशने ते धुतलं, बसायची जागा पुसली आणि टोपी स्प्रिंगसकट परत बसवली. टब भरला. पाणी ठरलं. नवा भाग लागला नाही.

सुकवणीचं काम मात्र माझ्या हातचं नव्हतं. मामांनी सुकवायच्या टबाचं वरचं झाकण लावून घेतलं, कारण ते उघडं असताना ब्रेक ड्रमला धरून ठेवतो. मग मागून मोटर आणि ड्रम यांना जोडणारं कपलिंग हाताने फिरवलं. ते मोकळं फिरलं, म्हणजे ब्रेक किंवा बेअरिंग अडकलेलं नव्हतं. वीज मोटरपर्यंत येत होती, म्हणून तर ती गुणगुणत होती. मधे राहिला कपॅसिटर.

कपॅसिटर कशासाठी, हे मला काही केल्या समजेना. मग मामांनी शिरोलीतलंच उदाहरण दिलं. कारखान्यात थ्री-फेज वीज असते. तीन फेजमधला प्रवाह एकामागोमाग एक चढतो-उतरतो, त्यामुळे मोटरच्या आत चुंबकीय क्षेत्र आपोआप गोल फिरतं आणि मोटरही त्याच्यामागे फिरते. घरात येतो एकच फेज. एका फेजवर ते क्षेत्र नुसतं मागेपुढे होतं, मोटरला सुरुवातीला कुठे वळायचं हे कळतच नाही. म्हणून आत दुसरं वाइंडिंग देतात आणि कपॅसिटर त्यातला प्रवाह थोडा पुढे सरकवतो. तेवढ्या फरकाने मोटरला दिशा मिळते. कपॅसिटर गेला की मोटर वीज खाते, गुणगुणते, तापते, पण उठत नाही. अशा वेळी मशीन चालूच ठेवलं तर वाइंडिंग जळतं. घूं आवाज आला की लगेच बंद करायचं, हे मी तेव्हापासून पक्कं धरलंय.

कपॅसिटरला मामांनी मला हात लावू दिला नाही. प्लग काढला तरी त्याच्या पोटात वीज साठून राहू शकते. त्यांनी स्वतः टेस्ट लॅम्पच्या वायरी टेकवून तो रिकामा केला आणि मगच सोडवला. त्याच्या अंगावर मायक्रोफॅरडचा आकडा आणि ४४० व्होल्ट असं छापलं होतं. दुकानात तोच आकडा दाखवून नवा आणायचा, कमी नाही आणि जास्तही नाही. नवा बसवल्यावर ड्रम पहिल्या झटक्याला फिरला.

यानंतर मी शेगडीकडे नव्या नजरेने बघायला लागले. डाव्या बर्नरची ज्योत पिवळी पडली होती आणि भांड्यांची बुडं काळी व्हायला लागली होती. आता माझी मीच प्रश्न विचारला, कुठपर्यंत चालतंय? उजवा बर्नर निळा जळत होता. म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी ठीक. अडचण फक्त डाव्या वाटेवर. नॉबच्या पुढे पितळेचा जेट असतो, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. गॅस तिथून जोराने सुटतो आणि जाता जाता मिश्रनळीच्या तोंडातून हवा आत ओढून घेतो. गॅसला ही हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी जळते. कमी पडली तर कार्बन पुरता जळत नाही, ज्योत पिवळी होते आणि उरलेला कार्बन काजळी होऊन भांड्याला चिकटतो. उतू गेलेलं दूध आणि डाळीचं पाणी नेमकं या वाटेत जाऊन वाळतं.

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, बर्नर गार होऊ दिला आणि उचलून काढला. मिश्रनळीत जळकट खपल्या होत्या, वरच्या टोपीची बरीच भोकं बुजली होती. गरम पाण्यात लिंबू पिळून बर्नर भिजत घातला, बाटलीच्या ब्रशने नळी साफ केली, टोपीची भोकं एकेक मोकळी केली आणि सगळं उन्हात खडखडीत वाळवलं. जेटच्या भोकात मात्र सुई घातली नाही. ते भोक मापाने पाडलेलं असतं. जरा रुंदावलं तरी गॅस जास्त सुटतो आणि हवेचा हिशेब कायमचा बिघडतो. बर्नर बसवला, पेटवला, ज्योत निळी आली. तो आनंद मी लपवणार नाही.

पण शेगडीपाशी थांबायची एक रेघ आहे. नॉब जड झाला, नॉबपाशी किंवा नळीपाशी वास आला, तर ते काम घरचं नव्हे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो, म्हणून वास येताच दारं-खिडक्या उघडायच्या, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करायचा आणि १९०६ या मदत क्रमांकावर कळवायचं. गळतीची शंका असेल तर जोडावर साबणाचा फेस लावून बघतात, काडी पेटवून कधीच नाही. आणि नळीवरची तारीख महिन्यातून एकदा तरी वाचावी.

कोल्हापूरला यंत्र उघडून बघायची जुनी सवय आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. हीच सवय पुरातही कामी आली. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, वाहतूक बंद पडली. पुरात बुडालेल्या मोटरी पाणी ओसरल्यावर कशा वाचवल्या, ते मामा सांगतात. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, मग दिवसच्या दिवस वाळवायचं, मग मेगरने इन्सुलेशन तपासायचं आणि त्यानंतरच वीज द्यायची. ‘ओलं यंत्र चालू करून बघू’ हा मोह कितीतरी चांगल्या मोटरी जाळतो.

ही सवय कारखान्याच्या गेटातून घरात मात्र यायची राहिली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, जेणेकरून वस्तूची माहितीपुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला मिळावी. वॉशिंग मशीनसारख्या घरगुती वस्तूही त्यात येतात. हक्क चांगलाच आहे. पण पुस्तिका हातात आली तरी ती वाचून मशीनपाशी उभं राहायचं धाडस कुणीतरी शेजारी बसून द्यावं लागतं. मला ते मामांनी दिलं.

आता आमच्या घरी कामाचे कपडे आधी बाहेर झटकले जातात, खिसे उलटे केले जातात आणि बादलीत भिजत पडतात. वाळू बादलीच्या तळाशी बसते, मगच कपडे मशीनमध्ये जातात. मेकॅनिकला बोलवायची वेळ आली तर मी त्याला नीट सांगते, पाणी ठरतंय, धुण्याची मोटर फिरतेय, सुकवणीची गुणगुणतेय. त्याचाही वेळ वाचतो, आणि त्याचं बोलणं मला समजतं.

शिरोलीत मेंटेनन्सची माणसं घराघरांत आहेत. आयटीआय शिकलेली तरुण पोरं आहेत, निवृत्त फिटर आहेत. त्यांनी सुट्टीच्या दिवशी दोन तास एखाद्या अंगणात बंद पडलेलं मशीन उघडून गल्लीतल्या बायकांना दाखवावं, एवढीच माझी मागणी आहे. मशीन रोज चालवणारीला त्याचा नेहमीचा आवाज पाठ असतो आणि तो बदलला की सगळ्यांत आधी तिलाच कळतं. त्या आवाजाचा अर्थ लावायला कुणी शिकवलं, तर निम्मी मशिनं भंगारात जायची थांबतील असं मला मनापासून वाटतं. जागेची काळजी नको. आमचं अंगण मोठं आहे, आणि मामा तयार आहेत.