वेसाव्याहून हर्णैला

वेसावे, ९ जुलै, रात्री

ती. बाबांस सा. न.

सुखरूप पोचलो. एसटी माणगावपर्यंत खिडकीतून गळत होती. पिशवीतले सगळे कपडे भिजले, आज मामाचा लेंगा घालून बसलोय. मामींनी सोड्यांची आमटी आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. तीन खाल्ल्या. आईला सांगा, आमटी चांगली होती, पण तिच्या हातची कोकमं आठवली.

मामाची बोट शाकारून ठेवलीय. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, त्याआधी तिच्यावर इन्व्हर्टर बसवायचाय. वायरमनच्या हाताखाली राहून शिकून घेतो. डोळे मिटतायत, उरलेलं नंतर.

११ जुलै

काल दिवसभर अंधेरी, साकीनाका, घाटकोपर. मेट्रोचे वेसाव्याहून घाटकोपरला चाळीस रुपये, जाऊन-येऊन ऐंशी. जुहू राहिलं.

अंधेरीत एका दुकानात अर्धा तास ताटकळलो. बोटीसाठी हवाय म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "घरचाच घेऊन जा. पाणी गेलं तर वॉरंटी मागायला येऊ नका." फार राग आला. आठ माणसं आठवडाभर समुद्रात काढतात, त्यांच्या सामानाबद्दल असं बोलायचं?

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मात्र म्हाताऱ्या कारागिराने स्टुलावर बसवून आधी हिशेब मांडला. सहा दिवे, दोन पंखे, टीव्ही, आठ मोबाइल: मिळून तीनशे वॅट. एक हजार व्हीएचा प्युअर साइन वेव्ह पुरतो. स्वस्तातल्या चौकोनी लाटेवर पंखे घुमतात, तापतात. दादाला सांगा, मिक्सर विसर. सुरू होताना मोटार कितीतरी पट ओढते.

मग त्यांनी इंजिन किती व्होल्टचं ते विचारलं. चोवीस, म्हटलं. आपण गेल्या वर्षी आपल्या बोटीवर काय केलं होतं तेही सांगितलं. ते गप्प झाले. बाबा, चूक तिथेच होती. इंजिनाच्या दोन बॅटऱ्यांच्या जोडीतल्या एकीवरच आपण बारा व्होल्टचा इन्व्हर्टर जोडला. ती एकटी रिकामी होत गेली, दुसरी जादा चार्ज होऊन खराब झाली. म्हणून त्या रात्री इंजिन लागलं नाही आणि दादाला दुसऱ्या बोटीने ओढून आणावं लागलं. आई पहाटेपर्यंत बंदरावर उभी होती, ते मला इथेही दिसतं.

१४ जुलै, दुपारी, बोटीवरून

पाऊस थांबेना. ताडपत्रीखाली बसून लिहितोय, वडापाव निवून गेलाय.

मामाच्या बोटीवर काम झालं. इन्व्हर्टर चोवीस व्होल्टचा, त्याला दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या वेगळ्या. निम्म्याच वापरायच्या म्हटलं तरी सगळं एकदम लावून पाच तास निघतात. त्या इंजिनाच्या अल्टरनेटरवरच चार्ज होतात, पण मधे आयसोलेटर आहे. त्यामुळे या कितीही उतरल्या तरी इंजिनाची जोडी भरलेली राहते.

इन्व्हर्टर केबिनच्या वरच्या बाजूला, वारा लागेल आणि शिंतोडे येणार नाहीत असा. बॅटऱ्यांच्या पेटीत तो ठेवायचा नाही. चार्ज होताना तिथे हायड्रोजन सुटतो, एका ठिणगीने भडका उडतो. बॅटरीची केबल जाड आणि आखूड, फ्यूज बॅटरीला अगदी लागून. टर्मिनलना ग्रीस. इन्व्हर्टरच्या आउटपुटला तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी, कारण ओल्या फळीवर अनवाणी माणसाला दोनशे तीस व्होल्ट सोडत नाहीत.

आपल्यासाठी इन्व्हर्टर, आयसोलेटर आणि केबल घेतलीय. एकेक बॅटरी पन्नास किलोच्या वर, शिवाय अॅसिड. एसटीत नेता येणार नाहीत, त्या दापोलीत घेऊ. बुधवारी रात्री बोरिवलीहून निघतो. घरची फार आठवण येते.

बाबा, एक विनंती. मी येईपर्यंत दादाला जुनी जोडणी काढून ठेवायला सांगा. दिवे नसले तरी माणसं घरी येतात. इंजिन लागलं नाही तर येत नाहीत.

आपला धाकटा