जिन्यातल्या दिव्याखाली

रविवार, 29 ऑक्टोबर 2023

काल कोजागरी. मध्यरात्रीनंतर ग्रहण लागणार, म्हणून गच्चीवरचं दूध साडेनवालाच पिऊन झालं आणि मंडळी पांगली. रिकामं पातेलं घेऊन उतरत होते, तर तिसऱ्या मजल्याच्या दिव्याखाली भिंतीवर ईव्हनिंग ब्राऊन फुलपाखरू बसलेलं. पंख मिटून, जरा तिरकं. पातेलं पायरीवर ठेवलं, चष्मा पुसला आणि वाकून त्याच्या पंखांवरचे डोळे बघितले. मागच्या पंखाच्या कडेला ओळीनं, ठसठशीत, प्रत्येकाच्या मधे पांढरा ठिपका. म्हणजे हे अजून पावसाळ्यातलंच.

या फुलपाखराचं मला दरवर्षी तेवढंच नवल वाटतं. पावसाच्या दिवसांत कोशातून निघालं तर पंखांच्या खालच्या बाजूला डोळे असतात. पाऊस सरल्यावर निघालं तर डोळे पुसट होतात, कधी नुसते टिंबाएवढे उरतात, आणि पंख म्हणजे एक वाळकं पान होतं. शिरेसकट, बुरशीच्या डागांसकट. त्यातही एकाचं पान दुसऱ्यासारखं नसतं. जात तीच, गवतावर वाढणारा हिरवा सुरवंटही तोच. जिन्यात पहिलं बिनडोळ्यांचं कधी आलं ती तारीख मी लिहून ठेवते. गेल्या वर्षी 9 नोव्हेंबर, त्याच्या आदल्या वर्षी 16.

मंगळवार, 31 ऑक्टोबर

जिना रिकामा. एक पाल तेवढी होती.

रविवार, 5 नोव्हेंबर

वेताळ टेकडी. पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं, पण दहा वाजले की पंखा लागतो. हवा सौम्य आहे, थंडी म्हणावी अशी अजून नाही.

ऑगस्टमध्ये टेकडी आठला जागी असते. आता साडेनवाच्या आत जाऊन उपयोग नाही. पायवाटेच्या दगडावर एक ग्रे पॅन्झी उन्हाकडे पाठ करून, पंख सपाट पसरून बसली होती. अंग तापल्याशिवाय यांचे उडण्याचे स्नायू चालत नाहीत. माझी सावली तिच्यावर पडली तर ती हातभर पुढे सरकून पुन्हा उन्हात बसली. तिच्या मागच्या दोन्ही पंखांना एकाच आकाराची खाच होती, आरशात पाहिल्यासारखी. पंख मिटलेले असताना पक्ष्यानं चोच घातली की अशी जोडखाच पडते. सीझनच्या शेवटाला अशी फाटकी फुलपाखरंच जास्त दिसतात आणि मला ती नव्या कोऱ्यांपेक्षा अधिक बघावीशी वाटतात. प्रत्येक खाच म्हणजे एक हुकलेली चोच.

गवत पिवळं पडलंय. सॉक्समधून कुसळं काढायलाच घरी आल्यावर अर्धा तास गेला.

आजचं खरं लिहायचं ते खुळखुळ्याबद्दल. खाणीच्या अलीकडे, गिरिपुष्पांची रांग संपते तिथे, खुळखुळ्याचं एक झुडूप वाळत आलंय. वाऱ्यानं शेंगा हलल्या की आत बिया वाजतात. त्यावर एकोणीस ब्लू टायगर आणि चार कॉमन क्रो मोजले. एकही फुलावर नाही! सगळे वाळक्या पानांवर आणि मोडक्या देठांवर. पायांनी खरवडायचं, सोंडेतून थेंब सोडून ओलं करायचं आणि तो थेंब परत ओढून घ्यायचा. हे मध पिणं नव्हे. खुळखुळ्यात जी कडू, विषारी अल्कलॉइड्स असतात ती गोळा करणं आहे. नर त्यांपासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात, आणि पक्ष्यांना नकोसे होण्यासाठीही तेच द्रव्य कामी येतं. मी दुर्बिणीतून एकेका ब्लू टायगरचा मागचा पंख पाहिला. त्याच्या नराला तिथे खिशासारखी फुगीर जागा असते. जेवढ्यांचा पंख नीट दिसला, त्या सगळ्यांना खिसा होता.

दक्षिण भारतात ही मंडळी पावसाळ्याच्या तोंडाशी घाट सोडून पूर्वेच्या सपाटीकडे जातात आणि पाऊस ओसरल्यावर घाटाकडे परततात. कृष्णमेघ कुंटे यांनी या प्रवासाचा अभ्यास केला आहे. त्यांचं 2000 सालचं पुस्तक माझ्या पिशवीत असतं, पाठीला आता चिकटपट्टी आहे. माझ्या झुडपावरचे एकोणीस कुठून आले हे मला सांगता येणार नाही. पण पाऊण तास मी उन्हात उभी होते आणि ते माझ्या बाहीवर, टोपीवर येऊन बसत होते. गुडघ्याची आठवण उतरताना झाली.

बुधवार, 8 नोव्हेंबर

चिवड्याला कढीपत्ता हवा म्हणून सूनबाई कात्री घेऊन बाल्कनीत गेली आणि तशीच परत आली. "आई, तुमचे पाहुणे आहेत."

कॉमन मॉर्मनचे दोन सुरवंट. लहानपणी हे अगदी पक्ष्याच्या शिटेसारखे दिसतात. हे दोघं त्यापलीकडे गेलेले, हिरवे, करंगळीएवढे. एकाला पानाच्या टोकानं डिवचलं तर डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर आलं आणि आंबूस वास सुटला. मुंगीला, गांधीलमाशीला पळवायची ही त्यांची युक्ती.

चिवड्यासाठी कढीपत्ता मंडईतून आणला. सूनबाईनं कुरकुर केली नाही, हे इथे लिहून ठेवते. अकरा वर्षांपूर्वी मी वही सुरू केली तेव्हा याच कुंडीतले सुरवंट खाली रस्त्यावर टाकले जायचे, आणि टाकणारी मीच होते.

रविवार, 12 नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. एक सुरवंट काल पानाखालीच कोशात गेला, कोश हिरवा. दुसरा दिवसभर भटकला आणि शेवटी कुंडीत खोचलेल्या बांबूच्या काठीवर थांबला. कमरेला रेशमाचा धागा बांधून तिथेच चिकटलाय. रात्री फटाक्यांचा धूर इतका, की बाल्कनीचं दार उघडवेना. कुंडीवर जुनी साडी टाकली. धुराला साडी काय अडवणार, पण राहवलं नाही.

बुधवार, 15 नोव्हेंबर

भाऊबीज. दादा आणि वहिनी आले, बरोबर त्यांची सात वर्षांची नात. ओवाळणी झाली, दादाचं बासुंदीचं पथ्य मोडून झालं, आणि मग तिला कोश दाखवले. हिरवा पानाखाली आणि काठीवरचा तपकिरी, काठीच्याच रंगाचा. "आजी, त्याला कसं कळलं, आपण कशावर बसलोय ते?" हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. कोशात जाण्याआधी सुरवंटाला त्या जागेची जाण होते, पृष्ठभाग कसा आहे, भोवती काय आहे याची, आणि त्यावरून रंग ठरतो, एवढं तिला सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. जाताना तिनं काठीजवळ तोंड नेऊन कोशाला "येते हं" म्हटलं.

जिन्यात आज एक ईव्हनिंग ब्राऊन. डोळे आहेत, पण बारीक झालेत. मधलं काहीतरी.

मंगळवार, 21 नोव्हेंबर

हिरवा कोश सकाळी साडेसातला उकलला. मी चहा टाकून आले तोवर ते बाहेर पडून कोशाच्या सालीला लटकलं होतं, पंख ओल्या कापडासारखे चुरगळलेले. वीसेक मिनिटांत पंख भरले. नर. काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. पण उडायला त्यानं सव्वादहापर्यंत वेळ घेतला, ऊन कुंडीवर यायची वाट बघत. मीही बसून राहिले. पोळ्या उशिरा झाल्या.

तपकिरी कोश तसाच आहे. त्याचा रंगही गडद होत नाही.

गुरुवार, 23 नोव्हेंबर

आलं. रात्री आठ वाजून दहा मिनिटं, दुसरा मजला, मीटरच्या पेटीशेजारी. आधी वाटलं, बदामाचं वाळकं पान वाऱ्यानं येऊन चिकटलंय. पंखाचं टोक आकड्यासारखं वळलेलं, मधून एक गडद रेघ, डोळ्यांच्या जागी सुईच्या अग्राएवढे ठिपके. माझ्या अकरा वह्यांमध्ये इतकी उशिराची तारीख नाही.

आफ्रिकेत मलावीकडे याच कुळातलं एक लहान तपकिरी फुलपाखरू आहे, प्रयोगशाळांमध्ये त्याच्यावर पुष्कळ काम झालं. सुरवंट 27 अंशांत वाढवले की पंखांवर मोठे डोळे येतात, 20 अंशांत वाढवले की डोळे जवळजवळ नाहीसे होतात. तिकडे गारवा म्हणजे कोरडा काळ जवळ आल्याची वर्दी. ओल्या दिवसांत हिंडता-फिरताना डोळे उपयोगी पडतात, चोच किंवा पालीचा जबडा शरीराऐवजी पंखाच्या कडेवर पडतो. कोरड्या दिवसांत पाचोळ्यात निपचित पडून राहायचं असतं, तिथे डोळा म्हणजे चुगली. आमच्या जिन्यातल्या पाखराच्या बाबतीतही उष्ण नोव्हेंबरनंच डोळे जायला उशीर केला असेल, असं मला वाटतं. एका जिन्यावरून जगाचं सांगू नये हेही कळतं. तरी तारखेखाली दोन रेघा ओढल्या.

सोमवार, 27 नोव्हेंबर

कार्तिक पौर्णिमा. काल राज्यात बऱ्याच ठिकाणी अवकाळी पाऊस. नाशिककडे गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. टीव्हीवर एक शेतकरी फुटलेल्या मण्यांचा घड हातात धरून उभा होता, काही बोलत नव्हता. टेकडीवर फुलपाखरं मोजायला गेले नाही.

रविवार, 3 डिसेंबर

टेकडीवर एकूण अकरा जाती. महिन्याभरापूर्वी सव्वीस होत्या. एकदांडीच्या फुलांवर ग्रास यलो भरपूर, पंखांच्या खालच्या बाजूला तांबूस डाग उमटलेले, म्हणजे यांनीही ऋतूचे कपडे बदलले. रुईवर प्लेन टायगर. खुळखुळ्याच्या झुडपावर एकही नाही. देठ खरवडून पांढरे पडलेत, शेंगा अजून वाजतात.

गुरुवार, 14 डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. शेजारच्या काकूंकडे घट मांडलाय, संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलावणं आहे.

दुपारी बाराला आमच्या आवारातल्या आंब्यावर दुसरं हळदीकुंकू आलं. कॉमन जेझबेल हे त्याचं इंग्रजी नाव, पण पिवळ्या पंखावर काळ्या रेघा आणि कडेला कुंकवाचे ठिपके पाहिल्यावर आपल्याकडचं नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाकीची सगळी आवरतं घेत असताना हे आमच्याकडे हिवाळ्यात भर धरतं. उंचावरून, झाडाच्या माथ्यावरून संथ फिरत होतं. ते आंब्यासाठी येत नाही, आंब्यावरच्या बांडगुळासाठी येतं. मादी बांडगुळाच्या पानावर अंडी घालते, एकेक नाही, एकगठ्ठा ओळीनं.

सोसायटीनं बांडगूळ तोडायचं ठरवलंय. आंब्याच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, बांडगूळ फांदीचा रस शोषतं, ती फांदी वाळते. माळीदादा शिडी घेऊन आलेच होते. त्यांना दुर्बीण दिली. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मावशी, खालचे दोन झुबके काढतो. शेंड्याचा राहू द्या, तिथवर शिडी पोचतच नाही." शिडी पोचते, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

संध्याकाळी काकूंकडून आले, ओटीतले गहू डब्यात रिकामे केले आणि बाल्कनीत गेले. तपकिरी कोशाला आज तेहेतीस दिवस झाले. थंडीत एखादा कोश असा आठवडेच्या आठवडे थांबतो, आणि एखाद्याला आतून गांधीलमाशीच्या बारीक भाईबंदांनी पोखरलेलंही असतं, बाहेरून सांगता येत नाही. दादाच्या नातीचा फोन आला होता, तिला काय सांगू म्हणून बॅटरी घेऊन वाकले. कुठे छिद्र नाही. करंगळीच्या नखानं अगदी हलकं टेकवलं. कोश एकदा, डावीकडे, हलला.