विस्तव

उरुसाच्या गर्दीतून बाहेर पडलो आणि चहाला टेकलो. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरला की परभणी रात्रीची झोपायला तयार नसते. समोर एक बंद गाळा होता. त्याच्या पाटीवर पांढरा रंग फासलेला, पण रंगाचे पोपडे सुटले होते आणि खालून ‘हुक्का’ वर येत होता.

डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत 14 माणसं गेली. पुढच्याच वर्षी राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली. ती योग्यच झाली. पाण्यातून आला म्हणून धूर धुऊन निघत नाही. विष विषच राहतं. तरी ते पुसट अक्षर वाचलं आणि कानात पाणी वाजलं.

आमच्या आबांची गुडगुडी नारळाची होती. पाथरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर दिवेलागणीला ती निघायची. आजी नारळातलं कालचं पिवळं पाणी उकिरड्यावर ओतायची, ताजं भरायची. गूळ घालून मळलेल्या तंबाखूची गोळी चिलमीत बसायची. चुलीतला बाभळीचा विस्तव चिमट्यात धरून आणायचं काम माझं. आबा डोळे मिटून नळी ओढायचे, आणि नारळ बोलू लागायचा. पहिल्या पावसात भरलेल्या नाल्यासारखा तो आवाज होता. गुडगुडी हे नाव ज्यानं ठेवलं त्याचा कान फार चांगला असला पाहिजे.

ओट्याच्या खाली, पायरी सोडून, आमचा सालगडी बसायचा. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. त्याची स्वतःची मातीची चिलीम होती, कंबरेच्या पिशवीत. आबा चिमट्यानं एक निखारा उचलायचे आणि वरून, हात न लागू देता, मामाच्या चिलमीत सोडायचे. मामा चिलमीला ओली छापी गुंडाळून दोन्ही तळव्यांत धरायचा. मग दोघं तासभर पावसाचं, कपाशीचं, बैलाच्या खुराचं बोलायचे. एकाच चुलीचा विस्तव, दोन धूर. एकदा मी आजीला विचारलं, ‘मामाला नळी का देत नाहीत गं?’

‘गप ऱ्हा,’ ती म्हणाली. ‘नळी घरची असती.’

आबांवर माझी माया होती, आजही आहे. पण तो वरून पडणारा निखारा मला विसरता येत नाही.

तंबाखूनं मात्र कुठलीच शीव मानली नाही. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती दख्खनेत उतरली. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असदबेग विजापुराहून परतताना ती घेऊन गेला आणि दरबारी हकीम नको नको म्हणत असताना बादशहानं झुरका घेतला. तुर्क लोक हुक्क्याला नार्गिले म्हणतात. तो शब्द फारसीतल्या नारळावरून आला, आणि फारसीचा नारळ आपल्या नारिकेलाचा. इस्तंबूलच्या कहवाखान्यात बसलेला माणूस नकळत कोकणातल्या झाडाचं नाव घेतो. पाथरीला ज्या साईबाबांचं जन्मगाव मानतात, त्यांची चिलीम शिर्डीत ज्याच्या-त्याच्या हाती फिरायची. कोण कुठल्या जातीचा, हे तिथं कुणी पुसत नसे. हे कुठं वाचनात आलं की मला मामा आठवतो.

हुक्कापाणी बंद करणं म्हणजे माणसाला वाळीत टाकणं. ही भाषा पंचांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या होती. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो जुलै 2017 मध्ये अमलात आला. असा स्वतंत्र कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. हुक्क्यावरची बंदी त्यानंतरची.

चहावाल्यानं पेले विसळले. उरुसाहून आलेली माणसं बाकावर खेटून बसली. कुणाच्या कपाळी बुक्का, कुणाच्या डोक्यावर टोपी. पेले सगळ्यांना तेच, त्याच घमेल्यात विसळलेले.

दोन्ही कायदे मला हवेत. पण मामासाठी एकच निवडायला सांगाल, तर मी 2017 चा निवडीन.