सायकलची हलकी मूठ आणि आमच्या घरातला एक सेकंद



आजचा लेख पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही घटकावर नाही. तरी वजन, मापन, घर्षण आणि बाष्पीभवन एवढं सगळं त्यात येऊन गेलंय. विषय आहे सायकलच्या हॅंडलला लावतात त्या ग्रिपचा. एवढ्याशा वस्तूवर काय लेख लिहायचा, असं वाटेल तुम्हाला. मलाही तसंच वाटायचं, मुलाच्या हनुवटीला तीन टाके पडेपर्यंत.

आमचा मुलगा नववीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला जुनी, पण चांगल्या स्थितीतली माउंटन बाइक घेऊन दिली. साताऱ्यात राहायचं आणि यवतेश्वरचा घाट चढायचा नाही, असं कुठे होतं का? रविवारी पहाटे तो आणि त्याचे मित्र निघायचे. कासच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन परत यायचे, आणि मग घरात दिवसभर एकच चर्चा, कोणाची सायकल किती हलकी. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून त्याने ठरवलं होतं की आपल्या सायकलचं वजन कमी करायचं. टायर महाग, चाकं त्याहून महाग. शेवटी गाडी ग्रिपवर आली, कारण ग्रिप त्याच्या साठवलेल्या पैशात बसत होती.

"पप्पा, फोमच्या ग्रिप घेऊ. एकदम हलक्या असतात."

मीही विज्ञानाचा शिक्षक. म्हटलं, आधी मोजू. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. सायकलला मुळात असलेली रबरी जोडी १३८ ग्रॅम भरली. दुकानातून आणलेली काळी फोमची जोडी फक्त ३२ ग्रॅम. म्हणजे १०६ ग्रॅमची बचत. पोराचा चेहरा असा खुलला की मी पुढचं गणित केलंच नाही. ते करायला हवं होतं, म्हणून आता तुमच्यासमोर करतो. वर्गात घेण्याजोगं आहे.

मुलाचं वजन ४४ किलो, सायकल १५ किलो, पाठीवरची पिशवी आणि पाणी १ किलो. एकूण ६० किलो, म्हणजे ६०,००० ग्रॅम. चढावर हळू जाताना जवळजवळ सगळी ताकद हे वजन वर नेण्यात जाते. त्यातले १०६ ग्रॅम कमी केले तर साधारण ५६६ वा हिस्सा वाचला. घाट चढायला ४० मिनिटं, म्हणजे २४०० सेकंद लागत असतील, तर वाचतात सुमारे चार सेकंद. बस्स. बाटलीतलं पाणी दोन घोट कमी भरलं तरी तेवढंच वाचतं. पण ग्रिप हलकी करण्यात जी मजा आहे ती पाणी कमी भरण्यात नाही, हे नववीतल्या मुलाला नाही तर कोणाला कळणार!

आता चुकीकडे येतो. चूक माझीच होती.

फोमची ग्रिप हॅंडलवर चढेना. घट्टच असते ती, असायलाच हवी. हॅंडलच्या टोकाचा बाहेरचा व्यास साधारण २२.२ मिलिमीटर असतो. इंचात पाऊण आणि एकच्या बरोबर मध्ये, ७/८. शाळेच्या व्हर्नियरने मोजून पाहा, मुलांना मजा येते. ग्रिपचं भोक त्याहून किंचित लहान ठेवलेलं असतं, म्हणून ती ताणली जाऊन पाइपला पकडून बसते. मी काय केलं, तर भांडी घासायच्या साबणाचं पाणी आत सोडलं. सर्रकन गेली. मी खूश, तोही खूश. रात्रीतून वाळेल, असं धरून चाललो.

साबणाचं पाणी वाळतं, साबण मात्र तिथेच राहतो. शिवाय फोम स्पंजासारखा, पाणी धरून ठेवणारा. दुसऱ्या दिवशी आषाढातला पाऊस लागला होता. उतारावर ब्रेक दाबताना उजव्या हातातली ग्रिप मुठीसकट फिरली, मग बाहेर सरकली. हॅंडल वळलं, पोरगा रस्त्यावर. मागून गाडी नव्हती, ही देवाची कृपा.

दवाखान्यात हनुवटी शिवायच्या आधी डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, तो अजून कानात आहे. "हॅंडलचं टोक पोटात घुसलं होतं का?" वरून काही दिसलं नाही तरी हॅंडलच्या टोकाचा मार पोटातल्या अवयवांना लागू शकतो, आणि दुखणं कधीकधी उशिरा सुरू होतं, असं त्यांनी सांगितलं. पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली, आणि चार-पाच तास बसवून ठेवलं. ते तास कसे गेले ते विचारू नका. मुलाची आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. सुदैवाने पोटाला काही नव्हतं. पण सायकल घरी आणल्यावर पाहिलं, ग्रिप निघालेल्या टोकाला पाइपची उघडी, धारदार कड. त्या भोकात बसवायचं प्लास्टिकचं टोपण मी ग्रिप बदलताना टेबलावर ठेवलं होतं, ते तिथेच होतं.

महिनाभराने पोरगं परत सायकलचं नाव काढू लागलं. मला वाटत होतं जुन्या रबरी ग्रिप लावून टाकाव्यात आणि विषय संपवावा. तो म्हणाला, "पप्पा, ग्रिप हलकी होती म्हणून पडलो नाही ना मी. ती फिरली म्हणून पडलो." बरोबर होतं त्याचं. मग आम्ही दोघं नव्याने बसलो.

पहिला पर्याय लॉक-ऑनचा. यात आत कडक नळी असते आणि टोकाला धातूची कडी, ती छोट्या अ‍ॅलन कीने आवळायची. पावसात फिरत नाही, काढायला-घालायला दोन मिनिटं. मित्राच्या सायकलवरची काढून काट्यावर ठेवली तर जोडी १०६ ग्रॅम भरली. (आधी वाचवलेलं वजन बरोबर तेवढंच होतं, पोराला याचं फार हसू आलं.) दुसरा पर्याय सिलिकॉनचा. ईएसआय नावाची कंपनी यासाठी ओळखली जाते. त्यांची बारीक जोडी साधारण ५० ग्रॅमची आणि थोडी जाड ६० ग्रॅमची. दिसायला फोमसारखीच, पण पाणी पीत नाही आणि ओल्या हातालाही पकड देते. दोष असा की सायकल दगडावर आडवी पडली तर फाटते, आणि किंमत त्या फोमच्या कितीतरी पट.

तिसऱ्या गोष्टीकडे मात्र आम्ही आधी लक्षच दिलं नव्हतं. हात! वजनाच्या नादात मुलाचा तळवा मोजलाच नव्हता. लहान हाताला जाड ग्रिप दिली की बोटं पूर्ण वळत नाहीत आणि ब्रेकपर्यंत पोचताना ताण येतो. फार बारीक दिली तर मूठ आवळून धरावी लागते, आणि खडबडीत रस्त्यावर सगळे धक्के तळव्यात. मी स्वतः रोज बारा किलोमीटर सायकलने शाळेत जातो. पोचल्यावर कधीकधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं असायचं, खडू धरताना जाणवायचं. वयामुळे असेल, असं धरून चाललो होतो. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने एक नस जाते, हॅंडलवर सतत भार पडला की ती दबते आणि बरोबर त्याच बोटांना मुंग्या येतात. माझ्या सीटचं टोक पुढे झुकलेलं होतं, त्यामुळे अंगाचा भार हातांवर येत होता. सीट सपाट केली, थोडी जाड ग्रिप लावली, फरक पडला.

तुमच्या मुलाच्या सायकलला गिअर बदलायला मूठच फिरवावी लागत असेल, तर अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या बाजूला आखूड ग्रिप लागते, साधारण ९० मिलिमीटरची. नेहमीची १३० ची आणली तर कापत बसावं लागतं.

शेवटी मुलाने ६० ग्रॅमवाली सिलिकॉनची निवडली. आमच्या काट्यावर ती ६१ भरली. निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझे. आता बसवायची कशी? त्याने कोरोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली आणली. "यात अल्कोहोल असतं, उडून जाईल." म्हटलं, मागचं लेबल वाच. वाचलं आणि थांबला, त्यात ग्लिसरीन होतं. अल्कोहोल उडेल, ग्लिसरीन राहील, म्हणजे पुन्हा साबणाचीच गोष्ट. मग साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, खिडक्या उघड्या ठेवल्या, गॅस बंद. पाइप आधी पुसून कोरडा केला, साबणाचा अंश राहू नये म्हणून दोनदा. ग्रिपमध्ये थोडं अल्कोहोल सोडलं, झटकन ढकलली, आणि पूर्ण एक दिवस सायकलला हात लावायचा नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी पिळून पाहिली. हलली नाही. वरून पाणी ओतून परत पिळली. हलली नाही. टोपणं बसवली, ती त्याच्या आईने स्वतः दाबून पाहिली.

फोमची ३२ ग्रॅम आणि ही ६१. फरक २९ ग्रॅमचा. त्याने आपणहून वहीत गणित केलं आणि मला दाखवलं. घाटात फरक पडणार सुमारे एका सेकंदाचा.

त्यानंतर मी शाळेच्या सायकल स्टँडवर एक चक्कर मारली. लांबच्या वाड्यांवरून येणाऱ्या मुलींच्या सायकली जास्त होत्या. ३१ सायकली पाहिल्या, त्यातल्या नऊंच्या हॅंडलचं एक तरी टोक उघडं होतं, रबर झिजून पाइप बाहेर आलेला. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ती कधीचीच फाटलीय, मी हाताने मागे ढकलत येते." प्रयोगशाळेतली रबरी बुचं तात्पुरती ठोकून दिली आहेत. शनिवारी दप्तराविना दिवशी सातवी-आठवीची मुलं व्हर्नियर घेऊन हॅंडल मोजणार आहेत, आणि नऊ जोड्या ग्रिप, साध्या, रबरी, टोपणासह, मी दुकानात सांगून ठेवल्या आहेत.